नाव बदलले म्हणून नशा हलाल होत नाही

आपल्या समाजात चार माणसे बसली आणि व्यसनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "अलहमदुलिल्लाह, आपल्यात शराब नाही." हे वाक्य पुरते खरे नाही, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण ते अगदी खोटेही नाही. दारू पिणारा आजही आपल्याकडे लपून पितो, तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळतो आणि घरी उशिरा येतो. त्याला लाज वाटते, म्हणजे बंदी कुठेतरी जिवंत आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे वाक्य बोलणाऱ्याच्या गालात त्या वेळी बऱ्याचदा तंबाखूचा बार असतो. बोलून झाले की तो उठून कोपऱ्यात पिंक टाकतो आणि परत येऊन दारूबंदीच्या हिकमतीवर चर्चा सुरू करतो. त्याला लाज वाटत नाही, कारण तो जे खातो त्याचे नाव शराब नाही.

आपण हलाल-हरामबाबत किती काटेकोर आहोत पाहा. बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक आपण भिंग लावून वाचतो. औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे डॉक्टरला विचारतो. होमिओपॅथीच्या थेंबांत अल्कोहोल असते म्हणून ते घ्यायचे की नाही, यावर मौलानांना फोन करतो. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा हाताला लावायच्या सॅनिटायझरवरही आपण भरपूर वाद घातला. पण ज्या पुडीच्या 85 टक्के भागावर सडलेल्या जबड्याचे चित्र आणि कर्करोगाचा इशारा छापलेला असतो, ती पुडी आपण वाचत नाही. दाताने फाडतो आणि तोंडात रिकामी करतो.

कुरआनने नशेचा विचार कसा केला, ते आपण विसरलो आहोत. सूरह बकराची 219वी आयत आठवा. लोकांनी शराब आणि जुगाराबद्दल विचारले, त्याचे हे उत्तर आहे. या दोन्हींत लोकांसाठी काही फायदे आहेत, हे ती आयत आधी मान्य करते आणि मग सांगते की त्यातला गुन्हा फायद्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे फायदा नाकारलेला नाही. फायदा आणि तोटा तराजूच्या दोन पारड्यांत घालून तोललेला आहे. आणि प्रेषितांनी (स.) नियम सांगितला तो वस्तूच्या नावाचा नव्हे, परिणामाचा. जे जे नशा आणते ते खम्र, आणि जे जास्त घेतल्याने नशा चढते त्याचे थोडेही वर्ज्य. एका हदीसमध्ये तर असा इशाराही आहे की पुढे काही लोक शराब पितील, फक्त तिला दुसरे नाव देतील. आपले आज नेमके तसेच चालले आहे.

तोलायचेच तर सुरुवात चहापासून करू, म्हणजे कोणी मला सोवळ्याचा म्हणणार नाही. चहा-कॉफीतले कॅफिन हेही मेंदूवर काम करणारे द्रव्यच आहे. दिवसभराच्या कामाने मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते झोप आणते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. ते शरीरातून अर्धे कमी व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणून इशाच्या नमाजनंतर कडक चहा घेणारा फज्रला उठत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते, आणि रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांसाठी हे लहान नुकसान नाही. तरीही निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला तीन-चार कप घेतले, तर पारडे फायद्याकडे झुकते.

गंमत म्हणजे कॉफीचा खटला इतिहासात खरोखरच चालला आहे. 1511 मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली. कॉफी माणसाला धुंद करते, असा आरोप होता. पुढे कैरोहून ती बंदी उठवली गेली. लोक कॉफी पितात आणि शुद्धीत राहतात, हे सर्वांना दिसत होते. संशय आला, परिणाम तपासला गेला आणि मोकळीक मिळाली.

उलट बाजूचे उदाहरण भांग-चरसचे. हशीशचे नाव कुरआनात नाही. तेरा-चौदाव्या शतकात मुस्लिम मुलखांत ती पसरली, तेव्हा पळवाट काढणारे होतेच. हे पेय नाही, झाडाचा पाला आहे, असे ते म्हणत. इब्न तैमियांनी ही पळवाट बंद केली. अक्कल झाकते ना, मग ती शराबच्याच रांगेत, असा त्यांचा निकाल. म्हणजे आपल्या जुन्या आलिमांना परिणाम तपासता येत होता. प्रश्न आपल्यापुरताच आहे.

आता तंबाखू. इमाम अबू हनीफा यांचे निधन इ.स. 767 चे आणि इमाम शाफई यांचे 820 चे. तंबाखू अमेरिका खंडातले पीक. ते पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आले तेव्हा सोळावे शतक उजाडले होते. अकबराच्या दरबारात तंबाखू नेली ती असद बेगने, आपल्या शेजारच्या विजापूरहून. तिथल्या हकिमाने तेव्हाच नाक मुरडले होते आणि 1617 मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला, तो कोणी पाळला नाही ही गोष्ट वेगळी. तेव्हा "चारही इमामांनी तंबाखूला हराम म्हटलेले नाही" हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येते. त्यांनी मोबाइलवरच्या जुगारालाही हराम म्हटलेले नाही.

आपल्याकडच्या अनेक उलेमांनी तंबाखूला मकरूह म्हटले. त्यांच्या काळात ते समजण्यासारखे होते, कारण तेव्हा तिची तक्रार होती ती फक्त वासाची. पुढे विज्ञानाने वासापलीकडचे दाखवले आणि जगभरच्या उलेमांनी आपले मत बदलले. इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल यांनी धूम्रपान हराम ठरवले. सौदीच्या इब्न बाझ यांचेही तेच मत. जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या इंडोनेशियात मुहम्मदिया या संघटनेने 2010 मध्ये तसाच फतवा काढला. आपल्या मोहल्ल्यात मात्र 'मकरूह' या शब्दाचा अर्थ 'चालते' असा झाला आहे.

तराजूच्या एका पारड्यात तंबाखूचा फायदा घालू. तो आहेच. निकोटिनने क्षणभर लक्ष एकाग्र होते, भूक मरते, मन हलके झाल्यासारखे वाटते. बारा तास यंत्रमागासमोर उभ्या राहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी हव्या असतात. पण हे 'हलके वाटणे' तपासून पाहा. निकोटिन रक्तातून दोनएक तासांत निम्मे होते आणि सवय झालेला मेंदू ते पुन्हा मागू लागतो. जी बेचैनी तंबाखूने जाते, ती बहुतेक वेळा तंबाखूनेच आणलेली असते. आपणच आग लावायची आणि विझवल्याबद्दल आपणच तिचे आभार मानायचे, असा हा व्यवहार आहे.

आता दुसरे पारडे. तंबाखूत चुना का मळतात, याचा कधी विचार केला आहे का? चव म्हणून नाही. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या पातळ कातडीतून झपाट्याने रक्तात उतरते. तोच चुना त्या कातडीला पोळतो आणि त्या जागेवर तंबाखूतली नायट्रोसअमाइन नावाची कर्करोगकारक रसायने तासन् तास बसून राहतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. गरोदर बाईने मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्माला येण्याचा धोका वाढतो. मशेरीला आपल्याकडे व्यसन म्हणतच नाहीत. 'दात घासते' म्हणतात.

तंबाखू नको म्हणून सुपारी खाणाऱ्यांनीही खूश होऊ नये. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकले आहे. त्याच गटात तंबाखू आहे आणि त्याच गटात दारूही आहे. सुपारीतल्या अरेकोलिनने गालाच्या आतली कातडी हळूहळू जाड आणि ताठ होते, तिच्यात चामड्यासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. डॉक्टर साधी चाचणी सांगतात. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, बघा. दोनच जात असतील तर डॉक्टरकडे जा. हा आजार मागे फिरत नाही आणि त्यातून कर्करोग होण्याची शक्यता मोठी असते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना उतारा मोठ्याने वाचायला लावला की 'आ'चा उच्चार करताना ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही अशी मुले मला दिसतात. पंधरा-सोळा वर्षांचे वय. खिशात मीठी सुपारी नाही तर मावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे आणि गुटखा तर महाराष्ट्रात 2012 पासूनच बंद आहे. मुलांना या दोन्ही बंदींची काहीच अडचण होत नाही. गुटखा बंद झाला तेव्हा पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी झाली, गिऱ्हाईक दोन्ही घेऊन तळहातावर एक करते. नाव बदलण्याची युक्ती व्यापाऱ्यालाही येते.

केंद्र सरकारच्या 2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात ओढणारे अवघे 4 टक्के, चघळणारे आणि लावणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्या राज्याचे दुखणे सिगारेट नाही, पुडी आहे. भारतीय पुरुषांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाहेर सगळ्या जातीधर्मांची माणसे फुटपाथवर झोपलेली दिसतात. पण मी माझ्या घरातल्यांशी बोलतो आहे. ज्या दीनमध्ये दिवसातून पाच वेळा तोंड धुवायला सांगितले, मिसवाकचा एवढा आग्रह धरला आणि कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका असेही सांगितले, त्या दीनचे लोक जबड्यात सडका पाला धरून वजूखान्यापर्यंत येतात. वजूखान्याची नाली लाल कशामुळे झाली, हे मुतवल्लींना विचारा.

आता ज्या विषयावर आपण कुजबुजतो त्याकडे येऊ. मालेगावात 'कुत्ता गोली' म्हणतात, संभाजीनगरकडे 'बटन' म्हणतात. पोलिसांनी गोळ्या पकडल्याच्या बातम्यांतून ही नावे आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली आहेत. कुत्ता गोली म्हणजे अल्प्राझोलाम. बटन म्हणजे बहुतेक वेळा नायट्राझेपाम. दोन्ही एकाच कुळातली खरीखुरी औषधे. कारखान्यात बनलेली, पाकिटावर छापील किंमत असलेली.

त्यांचाही फायदा आधी सांगतो. अचानक छाती धडधडून जीव जातोय असे वाटण्याचा जो आजार असतो, त्यात अल्प्राझोलाम रुग्णाला सावरते. नायट्राझेपाम झोप आणते. मेंदूत गाबा नावाचे रसायन ब्रेकचे काम करते, या गोळ्या तो ब्रेक जास्त घट्ट दाबतात. डॉक्टरने नेमून दिलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतल्या तर त्या रहमत आहेत. ज्यांना डॉक्टरने दिल्या आहेत त्यांनी माझा लेख वाचून त्या टाकून देऊ नयेत.

पण तीच गोळी टपरीमागे सुटी मिळते तेव्हा काय होते? ब्रेक नको तिथेही दाबला जातो. जीभ जड, पाय लटपटणारे, डोळ्यावर झापड. भीती आणि लाज दोन्ही मरतात, म्हणून एरवी मान खाली घालून चालणारा पोरगा त्या रात्री चाकू काढतो. सकाळी त्याला काही आठवत नाही, आणि तो खोटे बोलत नसतो. त्या तासांची नोंद मेंदूने केलेलीच नसते. काही आठवड्यांत एका गोळीने भागत नाही, दोन लागतात, मग चार. नायट्राझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही राहतो आणि तो मुलगा तसाच धावत्या मागाजवळ हात घालायला जातो. वरून दारू किंवा कोडीनचे सिरप घेतले तर श्वास मंदावत मंदावत बंदही पडतो.

कोडीन हेही तसेच. अफूच्या कुळातले औषध. यकृतात त्याच्या काही भागाचे मॉर्फीन होते, त्याने खोकल्याची उबळ आणि दुखणे दबते. बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असे डॉक्टर सांगतात. त्याच्या बाटल्या शाळेच्या मैदानामागे रिकाम्या सापडतात. खोकला कोणालाच नसतो.

हे पिणाऱ्याला-खाणाऱ्याला विचारा, "हराम नाही का?" तो शांतपणे म्हणतो, "सर, ये तो दवा है." घ्या. दवा हे नाव मिळाले की काम झाले. पाकिटावर लाल चौकटीत लिहिलेले असते की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन ही सगळी औषधे एच-1 अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून द्यायची, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. तरी माल बाजारात येतो. तो आभाळातून पडत नाही. तो कोणाच्या तरी दुकानातून, गोदामातून, डिक्कीतून येतो. त्या पैशातून कोणाचा तरी उमरा होतो, कोणाची तरी इफ्तार पार्टी होते, आणि आपण तिथे जाऊन बिर्याणी खाऊन येतो. शराब विकणाऱ्याच्या घरचे पाणी न पिणारा समाज गोळ्या विकणाऱ्याला जमातीत पहिल्या सफमध्ये जागा देतो. इथे मला आपला दांभिकपणा सर्वात जास्त टोचतो.

आता माझ्यावर येणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत.

पहिला असा की "सर, घरातले असे चव्हाट्यावर मांडू नका, आधीच मीडिया मालेगावचे नाव घ्यायला टपलेला आहे." मीडिया टपलेला आहे हे खरे आहे. व्यसन हे मुसलमानांचे आहे असे जो म्हणतो, त्याला 2019 चा राष्ट्रीय अहवाल दाखवावा. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि सव्वादोन कोटी लोक अफूच्या कुळातले पदार्थ वापरतात, हे त्यात लिहिले आहे. हे आकडे एका मोहल्ल्याचे नाहीत. पण लोक काय म्हणतील या भीतीने आपण गप्प बसलो, तर त्याची किंमत मीडिया देणार नाही, आपली मुले देतील. कर्करोग झालेला जबडा ओढणीखाली लपतो, बरा होत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. "रात्रपाळी, मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज, दहा बाय दहाची खोली, पोरगा गोळी नाही खाणार तर काय करणार?" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. यंत्रमागाच्या गावांत झोपायला जागा नाही, खेळायला मैदान नाही, दहावीनंतर धड काम नाही. हे बदलायलाच हवे आणि त्यासाठी भांडायलाच हवे. पण भांडायला शुद्धीवरची माणसे लागतात. गोळी गरिबी विसरायला लावते आणि दुसऱ्या दिवशीचा रोज बुडवून ती आणखी वाढवते. रोज वीस-तीस रुपयांच्या पुड्या खाणारा माणूस वर्षाला सात ते अकरा हजार रुपये थुंकतो. एवढ्यात एका मुलीच्या कॉलेजची वर्षाची फी आणि पुस्तके होतात. ती फी नाही म्हणून तिचे शिक्षण थांबवताना हाच बाप "हालात ठीक नहीं" म्हणतो.

मग करायचे काय? सोडा म्हटले की सुटत नाही, हे मला कळते. इथेही कुरआनचीच पद्धत पाहा. शराब एका रात्रीत बंद झाली नाही. आधी फायद्या-तोट्याची आयत आली, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असा आदेश आला, आणि शेवटी सूरह माइदात पूर्ण बंदी आली. तोपर्यंत माणसे तयार झाली होती. वैद्यकशास्त्रही झोपेच्या गोळ्यांबाबत पायऱ्यापायऱ्यांचाच सल्ला देते. महिनोन् महिने अल्प्राझोलाम घेणाऱ्या मुलाला बापाने खोलीत कोंडून गोळ्या एकदम बंद केल्या तर त्याला फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. झाडफूक आणि तावीज हा त्यावरचा इलाज नाही. व्यसनी मुलाचा निकाह लावू नका, त्याच्या जनाज्याला जाऊ नका, अशी भाषाही मी ऐकली आहे. ती बोलणाऱ्यांना माझे सांगणे आहे की बहिष्कार घालायचाच तर विकणाऱ्यावर घाला. खाणारा आजारी आहे, त्याला दवाखान्यात न्या.

तंबाखूचे गणित मात्र वेगळे आहे. ती एकदम सोडली तर त्रास होतो, जीव जात नाही. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे हे पहिले दोन-तीन दिवस सर्वात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरेचसे निवळते. आता हा हिशोब रमजानशी जुळवून बघा. तुम्ही सहरीपासून मगरीबपर्यंत तेरा-चौदा तास पुडीशिवाय राहता, एकोणतीस-तीस दिवस राहता. जे शरीर चौदा तास राहू शकते त्याला उरलेले दहा तास अशक्य नाहीत, आणि त्यातले सहा तास तर तुम्ही झोपेत असता. म्हणजे अल्लाहने दर वर्षी एक महिन्याचे व्यसनमुक्ती शिबिर फुकट लावून दिले आहे. आणि आपण काय करतो? खजूर, पाण्याचा घोट, मगरीबचे तीन फर्ज, की थेट टपरी. दिवसभराचा सब्र आपण दहा रुपयांच्या पुडीने सोडतो.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. खतीब साहेबांनी रमजानच्या आधीचा एक खुतबा तंबाखू आणि गोळ्यांवर द्यावा, नावे घेऊन द्यावा, 'बुरी आदतें' असे मोघम बोलू नये. लग्नात पाहुण्यांसमोर तबकातून सुपारी-तंबाखू फिरवणे बंद व्हावे. मशिदीच्या सूचनाफलकावर चंद्यासोबत दोन नंबरही लिहावेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत सेवा 1800-11-2356 आणि इतर व्यसनांसाठी 14446. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला एच-1ची वही दाखवायला सांगण्याची हिंमत मोहल्ला कमिटीने करावी, आणि दाखवत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. आणि आई-बापांनी मुलाला बसवून आपली तीन बोटे तोंडात घालायला सांगावीत. त्याआधी स्वतःची घालून पाहावीत.

यातले काहीही करायला नवा फतवा लागत नाही. आत्महत्या हराम आहे, स्वतःला आपल्या हाताने बरबादीत लोटू नये, दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, हे आपण लहानपणापासून मक्तबमध्ये शिकलो आहोत. उद्या टपरीवर हात पुढे कराल तेव्हा पुडीवर काय नाव लिहिले आहे ते वाचू नका. त्याखालचे चित्र बघा.